विस्तवाविना शिजलेले अंडे
दाब, जेली आणि माणसाचा घास यांची तीनशे वर्षांची कथा

चैत्र-वैशाखात डहाणू, घोलवड, बोर्डीच्या रस्त्याकडेला ताडगोळे विकायला येतात. ताडावरून उतरवलेली काळपट फळे कोयत्याने छाटली, की आतून पारदर्शक, थरथरणारा गर निघतो. हा गर वजनाने बहुतांश पाणीच असतो. मग ते पाणी वाहून का जात नाही? ताडगोळा हातात धरता येतो, चाकूने कापता येतो, दाताखाली त्याला किंचित चिवटपणाही जाणवतो. पाणी घन पदार्थासारखे वागते ते कशाच्या बळावर?

हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. त्याच्या उत्तरात रसायनशास्त्राचा एक मोठा अध्याय दडलेला आहे. ताडगोळ्यात मॅनन वर्गातल्या बहुशर्करांचे लांबलचक रेणू असतात. ते एकमेकांत गुंततात, ठिकठिकाणी जोडले जातात आणि त्यांचे एक त्रिमित जाळे तयार होते. जाळ्याच्या घरांत पाणी अडकून पडते. अशा रचनेला 'जेल' म्हणतात. आपण बोलताना जेली म्हणतो. सजीवांनी बनवलेल्या अशा लांब रेणूंना जैव बहुवारिके म्हणतात. पिष्ट म्हणजे स्टार्च, फळांतले पेक्टिन, समुद्रशैवालातला अगर, दुधातली आणि अंड्यातली प्रथिने, हाडांतून निघणारे जिलेटिन ही सारी त्याच कुळातली.

अन्नतंत्रज्ञ आज या जेलीचे केसाच्या जाडीहूनही लहान कण बनवतात. त्यांना गोल, लांबट, तंतूसारखा हवा तो आकार देतात, आणि तो आकार पक्का करण्यासाठी काही वेळा उष्णतेऐवजी प्रचंड दाब वापरतात. ही गोष्ट एकाएकी घडली नाही. तिच्या मागे तीन शतकांची खटपट आहे, आणि त्या खटपटीत एक धडाही आहे. तो धडा पालघर जिल्ह्यातल्या शिक्षकांना विशेष जवळचा वाटेल.

पापँचे भांडे

दाब आणि जेली यांची पहिली प्रसिद्ध गाठ घालून दिली ती देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने. १६७९ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाड भिंतींचे, घट्ट झाकणाचे भांडे मांडले. आत पाणी तापवले की वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांना न उकळता त्याहून अधिक तापते. भांडे फुटू नये म्हणून त्याने वजन लावलेली झडप बसवली. आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी ही त्याच झडपेची वंशज. घरच्या कुकरमध्ये दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट होतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास जाते.

पापँचा हेतू गमतीचा नव्हता. टाकून दिलेली हाडे या भांड्यात मऊ होत आणि त्यांतून निघालेल्या द्रवाची थंड झाल्यावर जेली होई. गरिबांना स्वस्तात अन्न मिळेल, अशी त्याची आशा होती. १२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीच्या काही सभासदांनी याच भांड्यात शिजवलेले जेवण घेतले. जॉन एव्हलिन याने आपल्या रोजनिशीत त्या जेवणाची आणि हाडांच्या जेलीची नोंद करून ठेवली आहे.

पॅरिसचा धडा

पापँची आशा पुढे फ्रान्समध्ये फार मोठ्या प्रमाणावर अजमावली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दार्से या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतून जिलेटिन काढण्याच्या पद्धती सुधारल्या. पॅरिसच्या रुग्णालयांत आणि गरिबांच्या भोजनगृहांत जिलेटिनचे सूप वाटले जाऊ लागले. हिशेब सरळ होता: मांसात नायट्रोजन असतो, जिलेटिनमध्येही असतो, तेव्हा जिलेटिन मांसाची जागा घेईल.

पण खाणाऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. शेवटी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या आयोगाने प्रश्न हाती घेतला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ माझांदी त्याचा प्रमुख होता. कुत्र्यांवर अनेक वर्षे प्रयोग झाले आणि १८४१ मध्ये अहवाल आला: केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. त्याचे कारण त्या वेळी सांगता येत नव्हते. १९०१ मध्ये हॉपकिन्स आणि कोल यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे केले आणि पुढे उलगडा झाला. ट्रिप्टोफॅन शरीराला बनवता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते, आणि जिलेटिनमध्ये ते नसते.

जेली पोटात जागा व्यापते, जिभेला भरगच्च वाटते. पण भरगच्च वाटणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद लक्षात ठेवून पुढे जाऊ.

कलिल, जेल आणि स्वयंपाकघर

जेली म्हणजे नेमके काय, याचा पद्धतशीर विचार स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम याने केला. १८६१ मध्ये त्याने दाखवले, की मीठ-साखरेसारखे पदार्थ पाण्यात भराभर पसरतात आणि पातळ पडद्यातून पार होतात, तर डिंक, जिलेटिन, अंड्यातला पांढरा भाग फार सावकाश पसरतात आणि पडद्याअलीकडेच अडतात. या दुसऱ्या गटाला त्याने सरसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून 'कोलॉइड' असे नाव दिले. आपण त्याला कलिल म्हणतो. 'जेल' हा शब्दही त्याच्याच लिखाणातून रूढ झाला.

वीस वर्षांनी जेलीने वैद्यकालाही हात दिला. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरीत, पण ते उबेने वितळे. तिथल्या वॉल्टर हेस्से या डॉक्टरची पत्नी अँजेलिना हिने १८८१ मध्ये अगर सुचवला. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती अगर घालून गोड पदार्थ घट्ट करायला शिकली होती. स्वयंपाकघरातले ज्ञान प्रयोगशाळेत गेले आणि तिथे कायमचे राहिले.

असे ज्ञान आपल्याकडेही आहेच. गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यातून पाडलेली कुरडई म्हणजे पिष्टाच्या जेलीला दिलेला तंतूचा आकार. साबुदाणा म्हणजे गोलाकार दिलेले आणि उष्णतेने अर्धवट जेली केलेले पिष्ट. डहाणू-तलासरीच्या घरांत तांदळाची भाकरी करताना पीठ गरम पाण्यात मळतात. तांदळात गव्हासारखे चिकट प्रथिन नसते. म्हणून गरम पाण्याने पिष्टाचा काही भाग फुगवून त्याच्याकडून पीठ बांधून घ्यायचे, ही युक्ती. आणि वारली चित्रकार भिंतीवर जो पांढरा रंग वापरतात, तोही तांदळाच्या पिठाचाच असतो. धरून ठेवायला त्यात डिंक घालतात. डिंक हेही जैव बहुवारिकच.

१८९९: दोन यंत्रे

दाबाच्या इतिहासात १८९९ हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी दोन माणसांनी दोन निरनिराळ्या वाटा धरल्या, आणि दोघांनीही सुरुवात केली ती दुधापासून.

पहिला बर्ट हाइट. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या शेतकी संशोधन केंद्रात त्याने दुधावर हजारो वातावरणांचा दाब दिला, आणि ते दूध नेहमीपेक्षा काही दिवस अधिक टिकल्याचे दिसले. उष्णतेशिवाय जिवाणू मारता येतात, हे त्याने दाखवून दिले. १९१४ मध्ये त्याने व सहकाऱ्यांनी फळे आणि भाज्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आंबट फळे चांगली टिकली, भाज्या टिकल्या नाहीत. कारण काही जिवाणू बीजाणूंच्या रूपात दडून बसतात. त्यांना दाबाने फारसे काही होत नाही, पण आम्ल असेल तर ते रुजत नाहीत.

दुसरा फ्रान्सचा ऑगस्त गोलँ. त्याने दूध शेकडो वातावरणांच्या दाबाने अतिशय अरुंद फटीतून ढकलणारे यंत्र बनवले. १८९९ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात यंत्र लोकांपुढे आले. फटीतून जाताना स्निग्धाचे गोळे फुटून बारीक होतात आणि साय वर येत नाही. पिशवीतल्या एकजीव दुधामागे हेच तत्त्व आहे.

या दोन दाबांत शिक्षकांनी फरक करावा. गोलँच्या यंत्रात द्रव वाहतो, घासला जातो, फाटतो. दाब हे त्याला ढकलण्याचे साधन. हाइटच्या पात्रात काहीच वाहत नाही. बंद पात्रातल्या पाण्यावर दाब दिला, की पास्कलच्या नियमाप्रमाणे तो सर्व दिशांनी सारखा पोचतो. त्यामुळे आतले द्राक्षसुद्धा चिरडत नाही, आकार जसाच्या तसा राहतो. मात्र आतल्या रेणूंची रचना बदलते.

ब्रिजमनचे अंडे

ती कशी बदलते, हे पर्सी ब्रिजमन या हार्वर्डच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये एका छोट्याशा निबंधात दाखवले. त्याने अंड्यातला पांढरा भाग दाबपात्रात ठेवला. ५००० वातावरणांवर अर्ध्या तासाने तो थोडा घट्ट झाला. ६००० वर नासलेल्या दुधासारखा दिसू लागला. ७००० वर पूर्ण गोठला, उकडलेल्या अंड्यासारखा. आणि हे सारे खोलीच्या तापमानाला! विस्तवाशिवाय अंडे शिजले होते. ब्रिजमनला उच्च दाबावरील कार्यासाठी १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

६००० वातावरणे म्हणजे किती? अंगठ्याच्या नखाएवढ्या, म्हणजे सुमारे एक चौरस सेंटिमीटर जागेवर सहा टनांहून अधिक भार. महासागराच्या अकरा किलोमीटर खोल तळाशीही दाब सुमारे ११०० वातावरणेच असतो. इतक्या दाबाखाली पाण्याचे आकारमानही सुमारे १५ टक्क्यांनी घटते.

उष्णता आणि दाब दोन्ही प्रथिन गोठवतात, पण वेगळ्या रीतीने. उष्णतेने रेणू जोरात हलतात आणि त्यांच्या घड्या उलगडतात. दाबाखाली मात्र ल शातेलिए याचे तत्त्व लागू होते: ज्या बदलाने एकूण आकारमान घटते, तो बदल घडतो. प्रथिनाच्या घड्यांतल्या पोकळीत पाणी शिरते, घड्या धरून ठेवणारे दुबळे बंध सुटतात, उघडे पडलेले रेणू एकमेकांना चिकटतात आणि जाळे तयार होते. पण अणूंना जोडणारे बळकट सहसंयुज बंध तुटत नाहीत. म्हणून लहान रेणूंची बनलेली जीवनसत्त्वे, रंग आणि वास पुष्कळसे टिकतात. दाबाने पिष्टही थंड पाण्यात जेली होते. मात्र त्याचे कण उष्णतेतल्यासारखे फुगून फुटत नाहीत, बरेचसे अखंड राहतात.

ब्रिजमनचा शोध अन्नाच्या कारखान्यापर्यंत पोचायला पाऊण शतक लागले. एवढा दाब पुन्हापुन्हा सोसणारी पोलादी पात्रे बनवणे सोपे नव्हते. १९८७ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या हायाशी यांनी अन्नासाठी दाब वापरण्याचा आग्रह धरला आणि १९९० मध्ये जपानच्या मेइदी-या कंपनीने दाबाने टिकवलेले फळांचे जॅम बाजारात आणले. त्यांत ताज्या फळाचा रंग आणि वास होता.

कणाला आकार

दरम्यान जेलीचे कण करण्याची विद्या दुसऱ्या वाटेने पुढे येत होती. 'मायक्रोजेल' हा शब्द १९४९ मध्ये बेकर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम रबराच्या संदर्भात वापरला. अन्नात त्याचा गाजलेला अवतार म्हणजे १९८८ मध्ये जाहीर झालेला आणि १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला 'सिंप्लेस'. अंडी आणि दूध यांतली प्रथिने तापवताना जोराने घुसळून त्यांचे सुमारे एक मायक्रॉनचे गोल कण केले होते. एवढे बारीक गोल कण जिभेला सुटे जाणवत नाहीत, साईसारखे वाटतात. त्यामुळे स्निग्ध पदार्थ कमी घालूनही आइस्क्रीम मऊ लागे.

कणाचा आकार आणि आकारमान जिभेला किती कळते, याचे उदाहरण डहाणूच्या बागेतच आहे. चिकूचा गर रवाळ लागतो, कारण त्यात जाड भिंतींच्या कठीण पेशींचे पुंजके असतात. तेच कण गोल, मऊ आणि शंभरपट लहान असते, तर चिकू लोण्यासारखा लागला असता.

आकाराने आणखी एक गोष्ट ठरते: दाटपणा. गोल कण मिसळल्यावर द्रव किती दाट होतो, याचे सूत्र आइन्स्टाइन यांनी १९०६ मध्ये दिले. १९२२ मध्ये जेफरी यांनी ते लांबट कणांपर्यंत वाढवले. लांबट कण वाहत्या द्रवात अधिक अडथळा करतात; म्हणून तेवढ्याच पदार्थाचे तंतू केले, तर गोळ्यांपेक्षा द्रव अधिक दाट होतो. थोड्या पदार्थात अधिक दाटपणा, हे आकाराचे फळ.

पण मऊ कणाला तंतूचा आकार द्यायचा कसा? इथे १८९६ चे एक निरीक्षण कामाला आले. डच शास्त्रज्ञ बायेरिंक याला दिसले होते, की जिलेटिन आणि अगर यांची पाण्यातली द्रावणे एकमेकांत मिसळत नाहीत. एकाचे थेंब दुसऱ्यात तरंगत राहतात. दोन्हीकडे पाणीच, तरी तेल-पाण्यासारखी फारकत! प्रथिन आणि बहुशर्करा यांच्या अनेक जोड्या अशाच वागतात. असे मिश्रण संथ ठेवले तर थेंब गोल राहतात, वाहते ठेवले तर ताणून लांबट होतात. त्या क्षणी थेंबातले प्रथिन गोठवले की आकार कायम झाला.

उष्णतेने गोठवताना अडचण अशी, की उष्णता बाहेरून आत सावकाश जाते, आणि तेवढ्यात थेंब पुन्हा गोल होतात किंवा एकमेकांत मिसळतात. दाब मात्र पात्रातल्या प्रत्येक थेंबावर जवळजवळ त्याच क्षणी पडतो, आणि सर्व बाजूंनी सारखा पडत असल्याने थेंबाला वाकवीत नाही. बाहेरचा द्रव आधी थंड करून घट्ट केला असेल, तर थेंब जागच्या जागी धरला जातो आणि दाब त्याला आतून पक्का करतो. पनीर किंवा चीज करताना उरणाऱ्या निवळीतले प्रथिन यासाठी सोयीचे आहे. त्याच्या दाट द्रावणाची सुमारे ४००० वातावरणांवर जेली होते. ती उष्णतेने केलेल्या जेलीपेक्षा मऊ आणि अधिक सच्छिद्र असते. ज्यांना गिळताना त्रास होतो अशा वृद्धांसाठी आणि रुग्णांसाठी मऊ, ओलसर, न सांडणारे अन्न लागते. अशा जेलीचा खरा उपयोग तिथे आहे.

डहाणूचा चिकू आणि तलासरीचे मूल

आता या विद्येचा आपल्या परिसराशी संबंध पाहू. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. त्याचा चीक म्हणजे 'चिकल'; एकोणिसाव्या शतकात त्यापासूनच च्युइंग गम बनू लागले. डहाणू-घोलवडचा चिकू २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसला. पण पिकलेला चिकू चार-सहा दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि शिजवला की त्याचा नाजूक वास जातो. दाबाने टिकवणे हा उपाय इथे सुचतो खरा. पण हाइटचा १९१४ चा इशारा आठवावा. चिकू आंबट नाही. त्याच्या गरातले बीजाणू दाबाने मरत नाहीत. म्हणून दाब दिलेला गर एक तर थंडच ठेवावा लागेल किंवा त्यात आम्ल घालावे लागेल. शिवाय दाबपात्राची किंमत कोटींत जाते. ती एकट्या बागायतदाराच्या आवाक्यातली नव्हे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि तिथे उद्योगांवर बंधने आली. अशा ठिकाणी धूर न ओकणारा फळप्रक्रिया उद्योग शोभेल. पण तो सहकाराने आणि शीतगृहांच्या साखळीसह उभा राहिला तरच शेतकऱ्याच्या पदरात काही पडेल.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. १९९२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी भागात, कुपोषणाने बालके दगावली. त्या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला. २०१४ मध्ये पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तरी आदिवासी पाड्यांवरच्या कुपोषणाचा प्रश्न संपला नाही. २०१५ मध्ये राज्याने सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागांतल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देण्याचे ठरले. पुढे लहान मुलांसाठी अंडी आणि केळीही आली.

इथे पॅरिसचा धडा कामाला येतो. नव्या तंत्राने केलेला कोणताही खाऊ, पेय किंवा पावडर शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या दारात आली, तर शिक्षकाने दोन प्रश्न विचारावेत. याला घट्टपणा कशाने आला? आणि यात पोषण किती आहे? पहिल्याचे उत्तर आकर्षक असले, तरी दुसऱ्याचे मिळाल्यावाचून समाधान मानू नये. दाबाने गोठवलेले अंडे हे अंडेच असते, त्यातली सर्व आवश्यक अमिनो आम्ले जागेवर असतात. जिलेटिनची जेली कितीही सुंदर असली, तरी तिच्यात ट्रिप्टोफॅन येत नाही. कमी स्निग्ध असलेले आइस्क्रीम शहरातल्या लठ्ठ माणसाला हितकारक ठरेल. तलासरीच्या अशक्त मुलाला मात्र स्निग्ध पदार्थ हवे आहेत. एकच तंत्र कुणासाठी वरदान आणि कुणासाठी निरुपयोगी, हे खाणाऱ्याच्या गरजेवरून ठरते.

वर्गात करून पाहा

पुढील तीन प्रयोगांना फारसा खर्च नाही.

१. पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत एक द्राक्ष टाकून ती काठोकाठ पाण्याने भरा, झाकण घट्ट लावा आणि दोन्ही हातांनी जोराने दाबा. द्राक्ष चेपत नाही. तेच द्राक्ष दोन बोटांत धरून दाबा. दाब एका बाजूने आणि सर्व बाजूंनी यांतला फरक मुले आपणच सांगतील.

२. वाटीभर थंड पाण्यात दोन चमचे तांदळाचे पीठ कालवून ठेवा. ते तळाशी बसते. तेच मिश्रण ढवळत तापवा. ते दाट होते आणि निवल्यावर थरथरते. पीठ तेवढेच, पाणी तेवढेच. बदलले काय, यावर चर्चा घ्या.

३. अंड्यातला पांढरा भाग काट्याने किंचित फेटून घ्या. त्याचे थेंब आधी संथ उकळत्या पाण्यात आणि मग गोल ढवळलेल्या पाण्यात सोडा. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, मुलांना दुरून दाखवावा. संथ पाण्यात गोळे होतात, फिरत्या पाण्यात तंतू. आधी प्रवाह आकार देतो, मग गोठणे तो आकार पक्का करते. सूक्ष्मजेलीच्या कारखान्यातले तत्त्व हेच.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर मुलांना शिकवताना शिंपल्या, बिया, पाने अशी परिसरातली साधने वापरली. विज्ञानालाही ती वाट चालते. ताडगोळा, चिकू, भाकरीचे पीठ आणि एक अंडे एवढ्या सामग्रीवर पापँपासून ब्रिजमनपर्यंतचा इतिहास सातवी-आठवीच्या मुलांपुढे उभा करता येतो. तो उभा करताना माझांदीच्या अहवालाचे पान मात्र गाळू नये.